‘बाबाही लहानपणी असाच होता’ : मुलाचा स्वभाव आणि एडीएचडीचं निदान

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर आहे. त्यातलं मला जे महत्त्वाचं वाटलं ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमात दुसरीला. घरात मराठी. जन्म नोव्हेंबरचा, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक. टीचरची तक्रार अशी की तो बाकावर टिकत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवून घेतो आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. शाळेने ‘असेसमेंट करून आणा’ म्हटलं. एका केंद्रात तुमच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि अर्ध्या तासात ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार) असं लिहिलेला कागद हातात दिला. सासूबाई म्हणतात, त्याचा बाबाही लहानपणी असाच होता, आज इंजिनीअर आहे, स्वभावाला कुठे औषध असतं का? तुम्हाला कोडं पडलंय की जो मुलगा दोन तास ब्लॉक्स घेऊन बसतो त्याला लक्ष नाही असं कसं म्हणायचं. आणि धास्ती ही, की औषध सुरू केलं तर त्याचा मूळचा खेळकरपणाच हरवेल.

मी बालमानसोपचारात बरीच वर्षं काम करते. हा प्रश्न शब्द बदलून जवळजवळ प्रत्येक ओपीडीत येतो. ‘खरं कोणाचं, शाळेचं की सासूबाईंचं?’ असं तुम्ही विचारलंत. दोघांचंही खरं असू शकतं. मुलगा स्वभावाने चळवळ्या असू शकतो आणि शिवाय त्याला एडीएचडीही असू शकते. तो नुसताच चळवळ्या असेल आणि एडीएचडी मुळीच नसेल, हेही शक्य आहे. त्याला न बघता यातलं काय आहे ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ठरवायचं कसं, ते सांगता येईल.

आधी स्वभावाबद्दल. न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून काही मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. मुलं जन्मतःच वेगवेगळी असतात हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. या दोघांनी ते नऊ अंगांनी नोंदवलं. मूल किती हलतं, झोप-भुकेच्या वेळा किती नियमित आहेत, नव्या माणसाकडे झेपावतं की मागे सरतं, रडणं-हसणं किती जोरात, वगैरे. त्या नवांतली तीन अंगं मुद्दाम बघा: हालचालीचं प्रमाण, लक्ष किती पटकन विचलित होतं, आणि हातातल्या गोष्टीला किती वेळ चिकटून राहतं. एडीएचडीच्या प्रश्नावलीत काय विचारतात? हेच. म्हणजे स्वभावानेच जास्त हलणारं, इकडेतिकडे बघणारं मूल त्या प्रश्नावलीत भरपूर गुण मिळवणार. कागद खोटा नसतो, पण त्याला स्वभाव आणि विकार यांतला फरक कळत नाही. तो कळायला माणूस लागतो आणि वेळ लागतो. अर्ध्या तासात ते होत नाही.

पुढे मेरी रॉथबार्ट या अभ्यासक बाईंनी जी मांडणी केली ती मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे मुलातली ऊर्मी: उत्साह, धाडस, नव्याची ओढ, मोठ्याने बोलणं, सगळ्यांत पुढे असणं. दुसरी म्हणजे स्वतःला आवरण्याची ताकद: करावंसं वाटतंय ते थांबवून करायला हवं ते करणं. पहिली भरपूर असणं हा स्वभाव. एडीएचडीत कमी पडते ती मुख्यतः दुसरी.

खो-खोचं मैदान बघा. उत्साही, हूड मुलगा रांगेत बसल्याबसल्या चुळबुळ करतो, ओरडतो, पण पाठीवर ‘खो’ मिळेपर्यंत उठत नाही. मिळाला की सुसाट सुटतो. एडीएचडी असलेला मुलगा खो मिळायच्या आधीच उठतो. नियम त्याला पाठ असतो. आपल्यामुळे गडी ओरडतायत, पुढच्या वेळी आपल्याला घेणार नाहीत, हेही कळत असतं. तरी पुढच्या डावात पुन्हा उठतो, आणि मग रडतो. ‘मुद्दाम करतो’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, मुद्दाम करणारा मुलगा स्वतःच्या आवडीच्या खेळातून स्वतःला बाहेर का काढून घेईल?

म्हणून मुलाची हकीकत घेताना ‘तो काय करतो’ यापेक्षा ‘त्याला थांबायचं असतं तेव्हा थांबता येतं का’ हा प्रश्न मोठा असतो.

आता निकषांकडे येऊ, कारण त्या कागदावर ‘९ पैकी ७’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात अवधान कमी पडण्याची ९ लक्षणं आहेत, अतिचंचलता आणि उतावळेपणाची ९. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलात कुठल्याही एका गटातली किमान ६ लागतात. बहुतेक जण इथेच थांबतात, लक्षणं मोजतात आणि शिक्का मारतात. खरी चाळणी त्याच्या पुढे आहे. लक्षणं किमान सहा महिने असायला हवीत आणि मुलाच्या वयाच्या मानाने जास्त हवीत. त्यातली काही तरी बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत (२०१३ च्या आधी ही अट सात वर्षांची होती). एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे फक्त शाळेत किंवा फक्त घरी नाही. या लक्षणांमुळे मुलाच्या शिकण्यात, मैत्रीत, घरातल्या वावरात खरंच अडथळा येत असला पाहिजे. आणि हे सगळं दुसऱ्या कशाने जास्त नीट उलगडत नसलं पाहिजे. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तरी ६ काय, ९ लक्षणं असूनही निदान होत नाही.

सहाच का, पाच किंवा सात का नाही? निसर्गाने तिथे रेघ मारलेली नाही. रक्तदाब १३८ असलेला आणि १४२ असलेला माणूस यांत शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, तरी डॉक्टरला उपचारासाठी १४० ला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हेही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तर असा ठरावीक आकडाच नाही. म्हणून रेघेच्या आसपासच्या मुलात ‘आहे की नाही’ यावर दोन चांगल्या डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, त्यात कुणी अडाणी नसतं. रेघेच्या खूप पलीकडच्या मुलात मात्र मतभेद होत नाहीत.

तुमच्या मुलाच्या वयाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सात वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सातवा भाग. एका बाकावरच्या दोन मुलांत एवढा फरक असतो आणि टीचरची अपेक्षा मात्र दोघांकडून एकच. अमेरिकेत २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्के जास्त आढळलं. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मुलांचे मेंदू काही वेगळे नसतात. लहान मुलाचं लहानपणच आजार म्हणून नोंदलं गेलं, हाच त्याचा सरळ अर्थ. दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २००७ च्या एका मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी जास्तीत जास्त होण्याचा टप्पा इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी आला. म्हणजे एडीएचडीतही उशीर असतो, पण तो काही महिन्यांचा नव्हे. तुमच्या मुलाची तुलना वर्गाशी करू नका. त्याच्याच वर्षी, त्याच सुमारास जन्मलेल्या चुलत-मावस भावंडांशी, सोसायटीतल्या मुलांशी करा, आणि डॉक्टरांनाही जन्मतारीख आवर्जून सांगा.

ब्लॉक्सचं काय? दोन तास आवडीच्या गोष्टीत रमण्याने एडीएचडी नाही असं सिद्ध होत नाही. या मुलांचं लक्ष आवडीच्या, नव्या, लगेच फळ देणाऱ्या गोष्टीला नीट चिकटतं. अडतं ते कंटाळवाण्या पण गरजेच्या कामाला. मोबाइलवरचा गेम तर दर काही सेकंदांनी बक्षीस देतो, त्यामुळे स्क्रीनसमोरच्या एकाग्रतेला मी शून्य किंमत देते. ब्लॉक्सना थोडी देते, कारण तिथे विचार करावा लागतो. पण मला जास्त रस याच्यात आहे: खेळ संपल्यावर आवरायला सांगितलं तर काय होतं? ‘वर जा, कपाटातून पिवळी पिशवी घे, येताना दिवा बंद कर’ यातलं कितवं काम होतं? बूट घालायला पाठवलेला मुलगा दहा मिनिटांनी एक बूट घालून खिडकीत उभा सापडतो का, आणि हे रोजचं आहे की कधीतरी?

‘बाबाही असाच होता’ हे वाक्य सासूबाई सुटकेसाठी म्हणतात, मी ते ऐकून वहीत लिहून घेते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे; जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सत्तर टक्क्यांच्या वर येतो. त्यामुळे बाबा असाच होता यावरून मुलाला काही नाही हे ठरत नाही. अर्थात स्वभावही वारशानेच येतो, म्हणून एडीएचडी आहे हेही ठरत नाही. मग मी बाबांनाच विचारते, तुमचं कसं निभावलं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणाची आई रोज रात्री दप्तर भरून द्यायची, कुणी पट्ट्या खाल्ल्या, कुणी दहावीपर्यंत नापास होता होता वाचला, कुणाला शेतावर आणि नदीवर दिवसभर हुंदडायला मिळालं. काही जण सांगता सांगता गप्प होतात. आणि काहींना खरंच काही त्रास झालेला नसतो, नुसता दंगा होता. दोन्ही उत्तरं मला उपयोगी पडतात. चेस-थॉमस यांचा सर्वांत टिकाऊ विचारही हाच होता, की मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही हे स्वभावाइतकंच महत्त्वाचं. बाबांना मोठं मैदान होतं, तुमच्या मुलाला वन बीएचके आणि गच्च भरलेला वर्ग. तोच स्वभाव एका जागी खपतो, दुसऱ्या जागी खुपतो.

स्वभाव निदानाला फसवतो तो दोन्ही बाजूंनी, हेही लक्षात ठेवा. तापट, उलट बोलणारं मूल टीचरला लवकर दिसतं आणि त्याच्यावर पटकन शिक्का बसतो. पण त्या अठरा लक्षणांत तापटपणा कुठेच नाही. तो सोबत असू शकतो, पण नुसत्या रागीटपणावरून एडीएचडी म्हणणं चूक. उलट लाजरी, सालस मुलगी खिडकीबाहेर बघत तास काढते, कुणाला त्रास देत नाही, ‘वेंधळी आहे, पण गुणाची आहे’ एवढ्यावर तिची वर्षं निघून जातात. सातवी-आठवीत विषय वाढतात आणि ती कोसळते. भित्र्या, चोख स्वभावाची हुशार मुलं तर एकच गोष्ट चारदा तपासून आपला विसराळूपणा झाकतात. टीचरच्या तक्रारीवरून वर्गाला किती त्रास होतोय ते कळतं. मुलाला किती त्रास होतोय ते वेगळं शोधावं लागतं.

मी स्वतः तपासताना काय करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. पहिल्या भेटीत निदान लिहीत नाही. गरोदरपणापासूनची हकीकत घेते, आजी-आजोबा आले असतील तर फारच बरं, त्यांच्या लक्षात तान्हेपणाच्या गोष्टी असतात. वह्या मागवते. प्रगतिपुस्तकापेक्षा वह्या जास्त बोलतात: पानाच्या वरच्या तीन ओळी सुबक आणि खाली अक्षर घसरत गेलेलं, की पहिल्या ओळीपासूनच अक्षरं उलटसुलट? दुसरं दिसलं तर आधी वाचन-लेखन तपासते, कारण वाचता न येणारं मूल वाचनाच्या तासाला चुळबुळ करणारच. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) एडीएचडीसोबतही येते आणि एडीएचडीचा भासही निर्माण करते. तुमच्याकडे माध्यमाचाही प्रश्न आहे. घरात मराठी, वर्गात सगळं इंग्रजीतून. सूचनाच अर्धी कळत असेल तर काम अर्धंच होणार. त्याला मराठीत गोष्ट सांगताना आणि इंग्रजीत धडा वाचताना, दोन्ही वेळा बघा.

झोप विचारते. या वयाला दिवसाला ९ ते १२ तास लागतात, आणि सकाळी साताची शाळा असलेली बरीच मुलं रात्री अकराला झोपतात. मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो, मूल उलट पिसाटतं. रात्री घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? मग टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) यांसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवते. ऐकू नीट येतं का, फळा दिसतो का, रक्तात लोह कमी आहे का, हे बघून घेते. बोलता बोलता काही सेकंद एकदम थिजतो, हाक मारली तरी ओ देत नाही, मग काही घडलंच नाही असा वागतो, असं दिवसात अनेकदा होत असेल तर तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो आणि तिथे ईईजी (मेंदूतल्या विद्युत-लहरींची तपासणी) लागतो. एरवी एडीएचडीच्या निदानासाठी ईईजी, एमआरआय किंवा रक्ताची कुठलीच तपासणी नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि बुद्धी सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांना तर काडीचाही शास्त्रीय आधार नाही, त्यात पैसे घालू नका. घरातलं वातावरण विचारते: भांडणं, मार, नवं भावंड, कुणाचं आजारपण. घाबरलेल्या मुलाचंही लक्ष लागत नाही.

आणि हो, मुलगा डॉक्टरांच्या खोलीत शहाण्यासारखा बसला म्हणून ‘काही नाही’ असं म्हणून परत पाठवत असतील तर दुसरीकडे दाखवा. नवी जागा, नवा माणूस आणि सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे, अशा वेळी ही मुलं छान बसतात.

आता औषधाची धास्ती. भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमोक्सेटिन ही औषधं वापरली जातात. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना वागणूक-व्यवस्थापन शिकवायचं असतं. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, म्हणजे निदान पक्कं असेल तर औषधाचा विचार करता येतो. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो आणि उतरतो. त्याने स्वभाव बदलत नाही. विनोदी मुलगा विनोदीच राहतो, फक्त विनोद करायला तास संपायची वाट बघू शकतो. तो मलूल, गप्प, ‘आपला वाटतच नाही’ असा झाला तर डोस जास्त झालाय किंवा ते औषध त्याला मानवत नाहीये. ते सोसायचं नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे त्रास, म्हणून उंची-वजन मोजत राहावं लागतं. ‘गोळी देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी’ हा युक्तिवाद कुणी केला तर मान्य करू नका. १९७८ मध्येच अमेरिकेत मिथाइलफेनिडेटच्याच जातीचं औषध कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना देऊन पाहिलं होतं, त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष सुधारलं.

तुमच्या जागी मी काय करेन? त्या कागदावर लगेच काही ठरवणार नाही आणि तो फाडूनही टाकणार नाही. पुढचे तीन महिने झोप नऊच्या सुमारास, कान-डोळे-घसा तपासणी, स्क्रीनला मर्यादा. टीचरशी भांडण न करता तीन गोष्टी मागायच्या: पहिला बाक, काम तुकड्यातुकड्याने, आणि मधूनमधून उठायला मिळेल असं एखादं काम (वह्या वाटणं, फळा पुसणं). घरी एका वेळी एकच सूचना, डोळ्यांत बघून, आणि जमलं की तिथल्या तिथे शाबासकी. यातून स्वभावाने चळवळ्या मुलात बऱ्यापैकी उतार दिसतो. एडीएचडी असलेल्या मुलालाही मदत होते, पण आधार काढला की गाडी पुन्हा तिथेच येते. हा फरक लिहून ठेवा, तारखेसह. मग बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञांकडे जा. खाजगी परवडत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडीचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं) केंद्र असेल तर तिथेही दाखवता येतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी धावपळ नको: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. ‘तुम्ही याच्या बाबांना कसं सांभाळलंत, तेच डॉक्टरांना सांगा’ म्हणून त्यांना बरोबर न्या, आणि बाबांनाही.

तीन महिने थांबायचं नाही अशा परिस्थितीही आहेत. तो रस्त्यावर न बघता धावत सुटत असेल, गच्चीच्या कठड्यावर चढत असेल, वारंवार पडून टाके पडत असतील. शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखत असेल. किंवा ‘मी वाईटच आहे’, ‘मला काहीच येत नाही’ असं बोलायला लागला असेल, तर याच आठवड्यात वेळ घ्या.